घरच्या घरी चाकाचं बॅलन्सिंग आणि ५५ ग्रॅम

(ऑडिओचा मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ बरेचसे काढलेत, जे राहिले ते राहू दिलेत.)

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे बाइकच्या चाकाचं बॅलन्सिंग घरी कसं करायचं. मी स्वतः करून बघितलेल्या पद्धती सांगतो, आणि त्यात एकदा मोठी चूक केली होती, तीही सांगतो. खरं तर ती सांगायची म्हणूनच हा भाग करतोय. पण आधी बॅलन्सिंग, नाहीतर चूक कळणार नाही.

माझी बाइक दोनशे सीसीची आहे. अलॉय व्हील, ट्यूबलेस. २०२१ च्या पावसाळ्यानंतर मी पुढचा टायर बदलून घेतला आणि पुढच्याच रविवारी वाकडहून साताऱ्याकडे निघालो. कात्रजचा बोगदा मागे पडला, रस्ता मोकळा मिळाला, ऐंशी ओलांडले आणि हँडलमध्ये बारीक थरथर सुरू झाली. नव्वदला आरशातला ट्रक दोन-दोन दिसायला लागला. (नव्वद नको होतं, माहीत आहे.) सत्तरवर आणलं की सगळं शांत.

अशा वेळी पहिला प्रश्न म्हणजे थरथर इंजिनाची की चाकाची? त्याला एक सोपी टेस्ट आहे. रस्ता मोकळा बघून त्याच स्पीडला क्लच दाबायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. इंजिनाचे फेरे खाली येतात, चाक मात्र तेवढ्याच वेगाने फिरत असतं. थरथर गेली तर इंजिनाकडे बघा. राहिली तर चाक, टायर, बेअरिंग किंवा हँडलचा कोनसेट. माझी राहिली.

परत टायरच्या दुकानात गेलो. तिथला माणूस म्हणाला, “सर, बॅलन्सिंग कारचं असतं. बाइकला कोण करतं?” चूक त्याची नव्हती. त्याच्या मशीनवर बाइकचं चाक बसतच नव्हतं. आता पुण्यात काही ठिकाणी बाइकचं करून देतात, पण तेव्हा मला सापडलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला सापडायला नकोच होतं. लॉकडाऊनमध्ये घेतलेला पान्यांचा सेट तसाच पडून होता.

आता थोडं गणित. माझं बीटेक कॉम्प्युटरचं, पण पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स सगळ्यांच्याच नशिबी असतं. पुढचा टायर १००/८०-१७, म्हणजे चाकाची त्रिज्या साधारण ३० सेंटिमीटर. समजा रिमच्या कडेला एका बाजूला २० ग्रॅम जास्त आहेत. २० ग्रॅम म्हणजे काय, दोन-तीन बिस्किटं. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला बारा फेरे घेतं आणि ते २० ग्रॅम प्रत्येक फेऱ्यात अडीच किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात. वर, पुढे, खाली, मागे, सेकंदाला बारा वेळा. चाळीसच्या स्पीडला हाच जोर सहाशे ग्रॅमवर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून बाबांच्या स्प्लेंडरला आयुष्यात कधी बॅलन्सिंग लागलं नाही. ती पन्नासच्या वर गेलीच नाही.

तर पहिली पद्धत, सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची. चाक काढायचं, अ‍ॅक्सल आरपार घालायचा, त्याची दोन टोकं दोन आधारांवर ठेवायची आणि चाक मोकळं सोडायचं. जड बाजू आपोआप खाली येते. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर सहा वाजता जड बाजू असेल तर बरोबर बारा वाजता खडूने खूण करायची आणि तिथे वजन लावायचं. मग ती खूण तीन वाजता आणून सोडायची. खाली गेली तर वजन जास्त झालं, वर गेली तर कमी पडतंय. नऊ वाजताही तसंच बघायचं. चाक कुठेही सोडा, तिथेच थांबलं की झालं.

मी हे पहिल्यांदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर केलं. वॉचमनकाका बाजूला उभे राहून बघत होते. चाक मस्त थांबलं. कुठेही सोडा, थांबतंय! मला वाटलं, अरे, हे तर बॅलन्स्डच आहे. मग सहज म्हणून तीन वाजताच्या जागी पाच रुपयांचं नाणं टेपने चिकटवलं. चाक ढिम्म. दोन नाणी लावली, तरी ढिम्म. तिसऱ्याला कुठे ते हललं.

म्हणजे माझा वजनकाटाच १५ ग्रॅमच्या खाली आंधळा होता. कारण सोपं आहे. चाकाच्या स्वतःच्या बेअरिंगमध्ये ग्रीस असतं आणि बाहेरून रबराचे सील घासत असतात. ज्या जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, तिथे त्या गिअरचं ओढणं वेगळंच. काही जण चाक न काढता, गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलून हेच करतात. चालतं, पण त्यात ब्रेक पॅडचं घासणंही जमा होतं, त्यामुळे कॅलिपर सोडवायलाच लागतो. सोडवलात तर दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा. घरातलं कोणीतरी सहज ब्रेकची दांडी दाबतं आणि पिस्टन बाहेर येतात. आमच्याकडे भाचा आला होता, एवढंच सांगतो.

तर स्टँड बनवायचं ठरलं. सरळ आणि गुळगुळीत सळई हवी होती, ती जुन्या बाजारात भंगारातल्या एका प्रिंटरमधून मिळाली. प्रिंटरचं हेड ज्या सळईवर पळतं ना, ती फार सुंदर वस्तू असते. काचेवर घरंगळवून बघितली, कुठेही डुगडुगली नाही. भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून दोन शंकू करून घेतले, चाकाच्या भोकात दोन्हीकडून बसणारे. आणि स्केटच्या चाकांत असतात ती ६०८ नंबरची चार बेअरिंग आणली. त्यातलं ग्रीस डिझेलने धुऊन काढलं, कारण इथे बेअरिंग वर्षानुवर्षं टिकायला नको, हलकं फिरायला हवं. लाकडाच्या दोन उभ्या फळ्यांवर दोन-दोन बेअरिंग, त्यांच्यावर सळई, सळईवर चाक. आता रुपयाच्या एका नाण्यानेही चाक हलायला लागलं. स्टँड कसलाही बनवा, विकत आणा, पण आधी ही नाण्याची परीक्षा घ्या. परीक्षेशिवाय चाक थांबलं म्हणजे बॅलन्स झालं, असं समजू नका.

नाण्यांबद्दल एक गंमत. रुपयाची सगळी नाणी एका वजनाची नसतात, नवी नाणी हलकी आहेत. त्यामुळे एकाच प्रकारची दहा नाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची आणि दहाने भागायचं. ट्रायलला नाणी आणि शेवटी खरी वजनं. ही चिकटवायची वजनं कारच्या टायरवाल्याकडे पट्टीच्या स्वरूपात मिळतात, पाच-पाच आणि दहा-दहा ग्रॅमचे तुकडे. चिकटवण्याआधी रिम पेट्रोलने पुसून कोरडी करा. चेनचं ऑइल राहिलं तर वजन पहिल्याच पावसात रस्त्यावर. माझ्या चाकाला २० ग्रॅम लागले. त्या संध्याकाळी परत बायपासला गेलो, ऐंशीला आरशातला ट्रक एकच दिसत होता. घरी येऊन बायकोला हे दोनदा सांगितलं.

कारच्या चाकाला मशीन का लागतं आणि आपलं स्टँडवर का भागतं, हेही सांगून टाकतो. कारचं चाक रुंद असतं. आतल्या कडेला एकीकडे जड आणि बाहेरच्या कडेला उलट बाजूला जड, असं झालं तर स्टँडवर ते शांत दिसतं आणि फिरवल्यावर डोलतं. बाइकचा टायर अरुंद, त्यामुळे हा भाग थोडा असतो. फक्त वजनं रिमच्या मध्यावर लावा, किंवा दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी.

आऱ्यांचं चाक असेल तर पट्टी चिकटवायला जागा नसते. त्यासाठी आऱ्याच्या निपलवर बसणारी वजनं येतात. ती नसतील तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली सोल्डरची तार आऱ्याला निपलजवळ घट्ट गुंडाळायची, वरून टेप आणि केबल टाय. वजन हवं तेवढं कापता येतं, ही तिची मजा. त्यात शिसं असतं, नंतर हात धुवा. ही सोल्डरची तार लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मग टायरच्या आत काहीतरी टाकायच्या पद्धती. माझ्या ऑफिसमधल्या एका मित्राचा यावर फार विश्वास. टायरमध्ये बारीक सिरॅमिकचे मणी टाकायचे, चाक वेगाने फिरलं की ते हलक्या बाजूला जाऊन बसतात, असं म्हणतात. तत्त्व खोटं नाही. वॉशिंग मशिनच्या ड्रमला आणि जुन्या सीडी ड्राइव्हला असेच गोळे किंवा पाणी भरलेल्या कड्या लावलेल्या असायच्या. पण ते एका ठरावीक वेगाच्या वरच नीट चालतं, आणि सीडी ड्राइव्हला खड्डे लागत नाहीत. आपला टायर प्रत्येक फेऱ्यात जमिनीवर दबतो, मण्यांना प्रत्येक वेळी धक्का बसतो. मित्राला फरक जाणवला म्हणतो. मी त्याची बाइक चालवून बघितली, मला नाही जाणवला. त्याने मणी महाग पडतात म्हणून खेळण्यातल्या बंदुकीच्या प्लास्टिकच्या गोळ्या टाकल्या होत्या. एक दिवस बाणेरला पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला आणि फुटपाथभर गोळ्या पसरल्या. तो म्हणाला, “साहेब, टायरात साबुदाणा कुणी भरला?”

पंक्चर थांबवणारं जेल टाकल्यावर बॅलन्सिंगही होतं, असं काही जण सांगतात. मी त्यावर वेळ घालवणार नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की जेल खाली साचतं आणि सकाळी पहिले काही मिनिटं गाडी उलट जास्त उड्या मारते. आणि ज्या टायरमध्ये जेल आहे त्याचं स्टँडवर बॅलन्सिंग करू नका. आत चिकट द्रव सरकत असताना चाक खरं बोलत नाही.

मागच्या चाकाबद्दल एकच. गाडी स्टँडवर घेऊन, गिअर टाकून, इंजिनावर चाक फिरवून “कुठे हलतंय” असं बघणारे व्हिडिओ आहेत. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट गेलं तर परत येत नाही. चाक काढा, स्टँडवर ठेवा.

आता ती चूक.

२०२२ च्या दिवाळीत मी कराडला मामाकडे गेलो. स्टँड बरोबर घेऊन गेलो होतो, विचार करा किती नाद होता. मामेभावाने नुकतीच एक जुनी शंभर सीसीची गाडी घेतली होती, आऱ्यांची चाकं, ट्यूबवाले टायर. तो पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे ग्राउंडला जायला गाडी हवी होती. म्हणाला, “दादा, पन्नासच्या वर गेलं की पुढनं हँडल मारतंय.” मला तेच हवं होतं.

अंगणात चाक काढलं, स्टँडवर ठेवलं. चाक सोडलं की धप्पकन जड बाजू खाली. मामी, शेजारची पोरं, सगळे बघायला जमा झालेले. मी खडूने खूण केली, सोल्डर गुंडाळत गेलो. २०, ३०, ४०. शेवटी ५५ ग्रॅम लागले, चार आऱ्यांवर वाटून लावले. माझ्या चाकाला २० लागले होते आणि याला ५५. मी खूश झालो. खरं सांगतो, खूश झालो, कारण जेवढा दोष मोठा तेवढा फरक जाणवणार होता. जाणवलाच. भाऊ चक्कर मारून आला आणि म्हणाला, “दादा, लोण्यासारखी चाललीय.”

तीन आठवड्यांनी तो कोल्हापूरला निघाला होता. पेठ नाका ओलांडल्यावर पुढची ट्यूब फुटली. स्पीड साठ-पासष्टचं असावं. हँडल गेलं, तो डावीकडे पडला. मागून गाडी नव्हती. हेल्मेट होतं. उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. जानेवारीत भरतीची मैदानी होती आणि त्यात गोळाफेक असते. तो त्या वर्षी मैदानावर गेलाच नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा मामांनी एक प्लास्टिकची पिशवी माझ्यासमोर ठेवली. आत तळहाताएवढा रबराचा तुकडा होता. गेटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टायरला मोठा काप गेला की काही जण नवा टायर घ्यायच्या ऐवजी आतून जुन्या टायरचा तुकडा लावून घेतात, त्याला गेटर म्हणतात. आधीच्या मालकाने तो लावला होता. तो सरकत होता आणि त्याची कड ट्यूबला घासत होती.

मामा म्हणाले, “हे निघालं बघ टायरातनं. तू बघितलं हुतंस नव्हं?”

मी म्हणालो, चाक बघितलं होतं. टायर उघडला नव्हता.

मामा पुढे काही बोलले नाहीत. मामींनी चहा आणला. भाऊच मला समजावत होता, दादा, तुझं बॅलन्सिंग बरोबरच होतं म्हणून. आणि बरोबर होतंच, तेच तर. पुण्याला आल्यावर मी तो तुकडा काट्यावर ठेवला. ४० ग्रॅम. टायरच्या आतल्या बाजूला, केंद्रापासून साधारण २९ सेंटिमीटरवर तो होता. माझी सोल्डर निपलजवळ, २१ सेंटिमीटरवर. ४० गुणिले २९ भागिले २१. उत्तर ५५ येतं. मी गेटरचं वजन ग्रॅमपर्यंत अचूक मोजलं होतं आणि तो गेटर आहे, हे मला कळलं नव्हतं.

जास्त लागतं ते वेगळंच. आधी हँडल मारत होतं म्हणून तो पन्नासच्या वर जात नव्हता. ते मारणं मी काढून टाकलं.

फोनमध्ये त्या दिवाळीचा फोटो आहे. चाक स्टँडवर, शेजारी मी. जड बाजूची खडूची खूण दिसते आणि तिच्यापासून दोन बोटांवर टायरवर एक काळी रेघ दिसते, पोटातून आडवी जाणारी. मी तिला ओरखडा समजलो होतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्या टायरवर १११४ होतं. २०१४ चा अकरावा आठवडा. आठ वर्षांचा टायर. हेही मी नंतर वाचलं.

त्यामुळे आता कोणी चाक घेऊन आलं की मी वजनाच्या पट्टीला हात लावायच्या आधी बरंच काही बघतो. आधी ते चार आकडे. मग टायरवरून बोट फिरवून फुगवटा, काप, भेग. मग चाक फिरवून रिम. पुढच्या शॉकअपला एक केबल टाय बांधायचा, त्याचं टोक रिमच्या जवळ आणायचं आणि चाक हळू फिरवायचं. रिम आणि टोकातली फट कमी-जास्त होते ती बघायची, आडवीही आणि उभीही. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये २ मिलिमीटरची मर्यादा असते. त्याहून जास्त असेल तर आधी रिमचा आऊट काढून घ्या. वाकडी रिम वजनाने सरळ होत नाही. मग चाक दोन्ही हातांनी धरून हलवायचं, बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते कळतं. गाडी जुनी घेतलेली असेल तर टायर उतरवून आतून हात फिरवल्याशिवाय मी पुढे जातच नाही, कोणी कितीही घाईत असलं तरी.

नवीन टायर बसवताना एक गोष्ट फुकटात करता येते. बऱ्याच टायरवर रंगाचा छोटा ठिपका असतो. ती टायरची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हच्या समोर येईल असा टायर बसवायला सांगा, कारण रिम सहसा व्हॉल्व्हपाशी जड असते. सहसा, नेहमी नाही. रिकामी रिम स्टँडवर ठेवून तिची जड बाजू शोधलीत तर आणखी चांगलं. असं बसवलेल्या चाकाला पाच-दहा, फार तर वीस-पंचवीस ग्रॅम लागतात. चाळीसच्या पुढे जायला लागलं की मी थांबतो, हवा काढतो आणि टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत बसवतो. जड बाजू टायरबरोबर फिरली तर दोष टायरमध्ये. जागेवर राहिली तर रिममध्ये. त्या दिवाळीत मी एवढं केलं असतं तर टायर उघडावाच लागला असता.

भाऊ गेल्या वर्षी पुण्याला आला होता. स्वतःच्या पैशाने पुढचा नवा टायर घेतला होता, तो न बसवताच, आणि चाक पोत्यात घालून एसटीने. मी म्हणालो, अरे तिथेच बसवून घ्यायचा ना. म्हणाला, “तुझ्यासमोर बसवायचा होता.” पार्किंगमध्ये बसलो. मी स्टँड लावेपर्यंत त्याने नव्याकोऱ्या टायरच्या आतून पूर्ण हात फिरवला, एकदा उजव्याने, एकदा डाव्याने. मग मी फिरवला. ठिपका व्हॉल्व्हसमोर धरून बसवला. चाक स्टँडवर ठेवलं, ते हळूच अर्धा फेरा फिरून थांबलं. दहा ग्रॅम लागले. सोल्डर त्यानेच कापून गुंडाळली.

चला, आज एवढंच. पुढच्या भागात पाहुणा असेल. नमस्कार.